एका सासऱ्याचे दोन सूट

तमाम वाचकांस, आणि वाचकांमधल्या तमाम साडवांस, अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळवण्यात येते की यवतमाळ जिल्ह्यात थंडी पडली आहे. साधीसुधी नव्हे, दात वाजवणारी. दिग्रसला आमच्या दुकानात पोटमाळ्यावरचे स्वेटर खाली उतरले आहेत, माकडटोप्या दोरीवर ओळीने लटकल्या आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या छातीत डाव्या बाजूला दरवर्षी याच सुमारास उठणारी जुनी कळ पुन्हा उठली आहे. घाबरण्याचं कारण नाही. हृदयविकार नव्हे. मत्सर आहे.

मत्सराला ऋतू असतो, हे माझं अनुभवाचं मत आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे कोणाचा हेवा करणं शक्यच नसतं. शेजाऱ्याने नवा कूलर घेतला तर आपण त्याच्याकडे जाऊन बसतो, विषय संपला. पावसाळ्यात माणसाला आभाळाशिवाय दुसरीकडे बघायला सवड नसते. हेवा हे खास रब्बीचं पीक. गहू, हरभरा आणि हेवा. पेरणी दिवाळीत सासुरवाडीला, काढणी संक्रांतीला, तीही सासुरवाडीलाच. मधल्या काळात निंदण-खुरपण करायला बायको असतेच.

माझी सासुरवाडी बाभुळगावच्या पलीकडे, बेंबळा धरणाच्या फुगवट्याला लागून. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, शेताचा शेवटचा धुरा, म्हणजे बांध, जिथे संपतो तिथे पाणी सुरू होतं. पाण्यात थोडं आत एक वाळकी बाभूळ उभी आहे. धरण भरलं तेव्हापासून ती तशीच आहे, ना पडत, ना कुजत. थंडीत पहाटे पाण्यावरून वाफ निघते आणि ती बाभूळ अधांतरी तरंगल्यासारखी दिसते, फांद्यांवर बगळे, बगळ्यांच्या माना अंगात ओढलेल्या. संक्रांतीच्या सकाळी मामाजी काठावरून त्या बाभळीपर्यंत पोहत जायचे, खोडाला हात लावायचे आणि परत यायचे. तिळगूळ त्यानंतर. ही कुठली रीत, असं एका पाहुण्याने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "माह्या घरची हाये. तुमच्या घरची तुमी पाहा."

मामाजी म्हणजे अंगाने निव्वळ पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते तशी, वाळकी, ताठ आणि हात लावला तर ओरखडणारी. पोहण्यावर त्यांची श्रद्धा अशी की ज्याला पोहता येत नाही त्याला पोरगी देऊ नये आणि बैलही देऊ नये. मला मुलगी दाखवली त्या दिवशी पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं, आणि ते म्हणाले, चला, आमची विहीर दाखवतो. मी विहीर पाहायला गेलो. विहीर मी आतून पाहिली. वर आलो तेव्हा माझ्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि वंदना, आता माझी बायको, खिडकीतून तोंडाला ओढणी लावून बघत होती. ती हसू दाबत होती की लाजत होती हा प्रश्न आमच्या संसारात अजून सुटलेला नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक संक्रांतीला पाण्यात मामाजींच्या उजव्या हाताला मी. हे पद कुठे जाहीर झालेलं नव्हतं; पण असल्या पदांना जाहीर करावं लागत नाही. गावातली माणसं काठावर शेकोटीशी बसून बघायची आणि म्हणायची, मोठे जवाई सोबत हायेत, काही भेव नाही. मामीजी टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन नेहमीच्या दगडावर बसलेल्या असायच्या. पाणी असं थंड की पहिली डुबकी मारली की श्वास कुठेतरी मागेच राहायचा, काठावर, चपलांशेजारी. आणि परत आल्यावर शेकोटीत भाजलेल्या हिरव्या तुरीच्या शेंगा, मीठ, तिखट, आणि मामाजींचा एक ओला हात माझ्या पाठीवर. जगात कुठल्याही राजाला असा राज्याभिषेक झाला नसेल.

आणि मग प्रशांत आला.

प्रशांत म्हणजे माझ्या मेव्हणीचा, अर्चनाचा नवरा. माझा साडू. मूळचा नेरचा, आता नागपूरला. पण मधली काही वर्षं अशा एका परदेशात राहून आलेला जिथला समुद्र बारा महिने गारठलेला असतो आणि शुद्धीवर असलेली माणसं आपखुशीने त्यात उतरतात. कोणी होडक्यात बसून वल्हवतात, कोणी फळीवर उभे राहतात. हा तिथे दोन्ही शिकला. त्याची विहिरीतली परीक्षा झालीच नाही. तोवर विहिरीवर मोटारपंप आणि जाळी बसली होती, आणि लग्नही त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं. म्हणजे हा गृहस्थ आमच्या घरात बिनपरीक्षेचा पास. तरी मामाजी त्याला 'प्रशांतराव' म्हणतात आणि मला 'जवाईबापू'. वंदना म्हणते बापू जास्त मानाचं. असेल. पण बापू कोणीही असतो हो. माझं नाव या घरात शेवटचं कधी घेतलं गेलं ते मला आठवत नाही.

त्याच्या पहिल्या संक्रांतीला तो गाडीतून काळ्या रबरी पोशाखात उतरला. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, अंगाला चिकटलेला. मी आणि मामाजी नेहमीप्रमाणे चड्डीवर पाण्यात शिरलो, बाभूळ गाठली, दात वाजवत परतलो. हा पाण्यातच. शेकोटीवरच्या शेंगा संपल्या, हा पाण्यातच, पाठीवर पडून, दुपारच्या म्हशीसारखा निवांत. त्या दिवशी मामाजींचा ओला हात माझ्या पाठीवर आलाच नाही. ते घोंगडी पांघरून माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि पाण्याकडे बघत होते.

"जवाईबापू," ते तंद्रीत म्हणाले, "ह्याले थंडी काहून वाजून नाही राह्यली?"

दुसऱ्या पुरुषाबद्दलचा प्रश्न आपल्याला विचारला जाणं, यापेक्षा मोठा अपमान मला ठाऊक नाही. पहिली कळ त्या क्षणी उठली.

पण ज्या थंडीची ही गोष्ट, ती त्यानंतरची. त्या वर्षी दिवाळी होते न होते तोच मामाजींची छाती दुखली. यवतमाळला दवाखान्यात राहून ते घरी आले, बरेही झाले. पण डॉक्टरांनी सांगितलं की गार पाणी एकदम अंगावर घ्यायचं नाही. मामाजींनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. तेच वाईट होतं. मामीजींनी फोनवर वंदनाला सांगितलं की त्यांनी अंगणातली बाज उलटी फिरवून घेतली आहे. आधी बसलं की समोर पाणी दिसायचं, आता गोठ्याची भिंत दिसते. जेवतात, झोपतात, कापसाचा भाव विचारतात. पण तोंड फिरवून बसतात. वंदनाने फोन ठेवला. मग तिने पुन्हा डॉक्टरांना गाठलं आणि असं वदवून घेतलं की अंग गरम राहणार असेल, ऊन असेल, सोबत माणूस असेल आणि पाणी कमरेच्या वर जाणार नसेल, तर थोडा वेळ उतरायला हरकत नाही.

त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर प्रशांतचा निरोप झळकला की काळजी करू नका, मामाजींसाठी सूट मी आणतो.

आता मला सांगा, मी दिग्रसला कपड्याच्या दुकानात जन्मलो. माझी पहिली दुपटी गिऱ्हाइकांना दाखवून झालेली होती. गावातल्या शाळांचे गणवेश, नवरदेवांचे सफारी, म्हाताऱ्यांच्या बंड्या, सगळं आमच्याकडून जातं. या कुटुंबात कोणाच्या अंगावर काय चढायचं हे ठरवणारा मी. आणि 'सूट मी आणतो' म्हणणारा हा कोण? मी तत्काळ उत्तर टाकलं की सूट मीही आणतो आहे. वंदनाने माझ्याकडे बघितलं. "मायबाप, त्यांच्या छातीसाठी आणून राह्यले का तुमच्या?" असं तिने विचारलं. मी गिऱ्हाइकाकडे वळलो.

मग सुरू झाला माझा अभ्यास. गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे मोबाइल उघडून मी थंड पाण्याचं वस्त्रशास्त्र वाचायचो. यात दोन पंथ आहेत. एक वेटसूट, म्हणजे प्रशांतने पहिल्या वर्षी घातला होता तो. त्याच्या रबरात बारीक बारीक बुडबुडे असतात. गंमत म्हणजे तो पाणी थांबवत नाही. थोडं पाणी आत येऊ देतो, अंगाला चिकटवून धरतो, आणि आपल्याच अंगाच्या उबेने ते पाणी कोमट होतं. मग तेच आपली रजाई. रबर जितकं जाड तितकी ऊब. आपल्याकडच्या थंडीला तीन मिलिमीटर पुरे. दुसरा ड्रायसूट. तो ढगळ असतो, मानेला आणि मनगटाला रबराच्या घट्ट पट्ट्या, पायाला मोजे जोडलेले, आणि पाण्याचा एक थेंब आत नाही. पण त्याला स्वतःची ऊब नसते. आत आपण जे घालू तेवढीच. जिथे पाणी बर्फासारखं असतं तिथे तो लागतो.

वंदनाला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, पाणी आत येऊ देते तो सूट कायचा, मग छत्रीही भोकाचीच घ्या.

तिला हसू दे. मला मात्र त्या वाचनात माझ्या आजाराचंच निदान सापडलं. हेवा करणारी माणसंही याच दोन जातींची असतात. एक ड्रायसूटवाली. शेजाऱ्याचं बरं झालेलं एक थेंबभरही अंगाला लागू देत नाहीत; आतून कोरडी, आणि आत स्वतःचं काही नसेल तर हुडहुडत बसलेली. दुसरी आमची जात. आम्ही दुसऱ्याचं सुख थोडंसं आत घेतो. पहिल्यांदा काळजात चर्र होतं. मग ते अंगाशी धरून ठेवतो, आपल्या उबेने तापवतो, आणि वर्षानुवर्षं त्यातच मजेत पोहतो. प्रशांतचा हेवा केला नसता तर माझे कित्येक हिवाळे कसे कोरडे गेले असते, याची कल्पनाच करवत नाही.

तेव्हा ठरलं. आपला पंथ वेटसूटचा. प्रशांत ड्रायसूट आणणार हे अर्चनाकडून कळलंच होतं, त्यामुळे निवड आणखी सोपी झाली. संक्रांतीला नवी बंडी शिवतो, असं सांगून मी मामाजींची मापं घेऊन आलो. छाती, कंबर, उंची, मांडी. मांडीचं माप बंडीला कशाला, हे त्यांनी विचारलं नाही, यावरून त्यांचं लक्ष किती उडालं होतं ते बघा. मोबाइलवर मापांचा तक्ता होता. त्यात स्पष्ट बजावलं होतं की हा सूट कातडीसारखा बसला पाहिजे, जरासुद्धा सैल नको.

पण कंपनी काय सांगते ते आमच्या धंद्यात ऐकायचं नसतं. कापूस आटतो. या जिल्ह्यात माणूस जन्माला येतो तोच मोठ्या मापाच्या झबल्यात. शाळेचा गणवेश एक नंबर मोठा, लग्नाचा कोट एक नंबर मोठा, धुतल्यावर आटेल, पुढच्या वर्षी होईल. गिऱ्हाइकाला मापाचं कापड देणारा दुकानदार आमच्याकडे बेइमान समजला जातो. माझं बोट त्या तक्त्यावर मामाजींच्या मापावर गेलं, क्षणभर थांबलं, आणि पिढ्यांच्या संस्काराने आपोआप एक ओळ खाली सरकलं.

भोगीच्या संध्याकाळी दोन्ही साडू सासुरवाडीला दाखल झाले. चुलीवर भोगीची मिसळ भाजी रटरटत होती, अंगणात तुरीच्या शेंगांचं पातेलं उकळत होतं, आणि बाजेवर दोन सूट शेजारी शेजारी पसरले होते. माझा काळा, सुटसुटीत. त्याचा लाल-पिवळा, एवढा मोठा की आत दोन माणसं नांदतील. मामाजी गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते ते कितीतरी दिवसांनी वळले. त्यांनी लाल सूट बोटाने उचलला आणि फवारणी करणाराची किट काहून आणली म्हणून विचारलं. प्रशांतने मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. मानेची पट्टी, छातीवरची चेन, जोडलेले मोजे. मामाजी ऐकत होते. मान हलत होती. आणि मग त्या भल्या माणसाने, कसलंही कपट मनात न ठेवता, सांगितलं की आत फक्त एक पथ्य आहे. सुती कपडा चालत नाही.

चुलीवरच्या भाजीचाही आवाज थांबल्यासारखा झाला.

"सुती नाही?" मामाजी म्हणाले. "मंग आमी आजवर काय पेरून राह्यलो?"

प्रशांतने सांगायचा प्रयत्न केला की सुती कापड घाम धरून ठेवतं, ओलं होतं, आणि मग अंग गार पडतं. आत लोकर पाहिजे. शास्त्र त्याच्या बाजूचं होतं. पण मागे खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला असताना, त्या खोलीच्या दाराशी उभं राहून हे शास्त्र सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मामाजींनी त्याला शांतपणे सांगितलं की कपाशीला नावं ठेवायची असतील तर धुऱ्याच्या पलीकडे जाऊन ठेवावीत, पलीकडे पाणीच आहे. मला त्या रात्री फार गाढ झोप लागली.

संक्रांतीला ऊन चांगलं वर येऊ दिलं आणि मग आधी मोठ्या जावयाचा मान म्हणून माझा सूट. तो चढवणं हाच एक सोहळा. रबर पायाला धरून बसतं, पुढे सरकत नाही. पायाला पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, बांधली की पाय सुळकन आत जातो, हे मी वाचून ठेवलं होतं. चेन पाठीवर, तिला लांब दोरी. मामाजी त्या दोरीला नाडी समजून पुढे आणू बघत होते. शेवटी ते उभे राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की पाठीवर, काखेत, पोटाशी, सगळीकडे रबराच्या घड्या पडल्या आहेत. आटेल, असं मी मनात म्हटलं.

रबर आटत नाही. ते पाण्यात गेले, मी उजव्या हाताला. कमरेइतक्या पाण्यात ते हौसेने खाली बसले, आणि मानेच्या पोकळीतून बेंबळेचं थंड पाणी धबधब्यासारखं आत शिरलं. त्यांचे डोळे मोठे झाले. आम्ही त्यांना धरून बाहेर आणलं तेव्हा घोट्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. "हा सूट नाही जवाईबापू, मोट हाये," ते दात वाजवत म्हणाले. मामीजींनी टॉवेल मामाजींच्या अंगावर टाकला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर आठवली की मला आजही माकडटोपी घालावीशी वाटते. त्यांना शेकोटीशी बसवलं, चहा दिला, तोंडावर रंग आला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा सूट मी पऱ्हाट्यांच्या कुंपणावर वाळत टाकला. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मला वाटलं आता संपलं. पण मामाजी उठले. अंगावरचा टॉवेल त्यांनी दगडावर टाकला, आणि तो दुसरा सूट आणा म्हणाले. तडजोड अशी झाली की आत सुती बंडी राहणारच, पण तिच्यावर लोकरीचा स्वेटर. स्वेटर माझ्या दुकानातला होता, याची मी सर्वांना दोनदा आठवण करून दिली. मानेच्या पट्टीला पावडर लावली. आता फक्त उकिडवं बसून, मानेची पट्टी बोटाने जराशी उघडून आतली हवा काढायची होती. ती मामाजींनी काढू दिली नाही. त्यांचं म्हणणं, आत्ताच दवाखान्यातून आलेल्या माणसाचं मुंडकं दाबून हवा काय काढता.

ते हवेसकट पाण्यात गेले. पाण्याने हवा वर ढकलली आणि ते छातीशी असे फुगले की जिनिंगमधली रुईची गाठच कोणी कमरेपर्यंत पाण्यात उभी केली आहे. पण आत कोरडे. गरम. त्यांनी हात खाली सोडला, तळवा पाण्यावर ठेवला, आणि तो तसाच ठेवून ते बाभळीकडे बघत राहिले. अर्चनाने डोळे पुसले. डॉक्टरांची रेघ कमरेवर होती आणि ती ओलांडायची नव्हती. पण त्या रेघेच्या आतला माणूस पुन्हा पाण्याकडे तोंड करून उभा होता.

आणि त्यांच्या उजव्या हाताला प्रशांत होता.

मी वाईट माणूस नाही. सासरा बरा झाला याचा मला आनंदच झाला. पण आनंदाच्या खाली गार पाणी असतं हो. मी जाऊन मामीजींच्या दगडावर बसलो, कारण तो रिकामा होता. टॉवेल तिथेच होता, थर्मास तिथेच होता. मी टॉवेल मांडीवर घेतला. पाण्यात दोन माणसं, काठावर मी. पहिल्यांदाच कळलं की या दगडावरून पाणी किती स्पष्ट दिसतं. कोणाचा हात कुठे आहे, कोण हसतं आहे, सगळं. आणि दगड किती थंड असतो. मनात आलं, मामीजी इतक्या संक्रांती इथे बसून काय बघत असतील?

मागून हसण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर कुंपण रिकामं होतं. वंदना आणि अर्चना, मध्ये मामीजी. खांद्यावरून शालीसारखं लुगडं घेतलेलं, आणि त्याच्या खाली मानेपासून घोट्यापर्यंत माझा सूट. एक घडी नाही, एक सुरकुती नाही. मामीजी अंगाने भरलेल्या. तो सूट त्यांच्यावर कातडीसारखा बसला होता. तक्त्यात लिहिलं होतं अगदी तसा.

त्यांचं माहेर आमच्या दिग्रसकडचं, अरुणावतीच्या काठचं. लहानपणी त्या पोहायच्या हे मला त्या दिवशी, तेही वंदनाकडून कळलं. लग्न होऊन इकडे आल्या आणि ते बंद झालं. कोणी बंद केलं नाही. पण लुगड्यात, गावच्या माणसांसमोर, सुनेने पाण्यात कसं उतरायचं? त्यांनी माझ्याजवळ येऊन लुगडं माझ्या हातात दिलं.

"सारं आंग झाकते ना हे," त्या म्हणाल्या. "मंग झालं."

कापड हाताला लागलं की त्याची जात ओळखणारा मी माणूस. ते लुगडं हातात घेताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जात ओळखली. इतकी वर्षं मी जिला समाधान समजत होतो, ती गोष्ट माझ्याच दुकानातली होती. फक्त माझ्यापेक्षा कितीतरी जुनी, आणि घट्ट विणीची.

यंदा थंडी पडल्याबरोबर प्रशांतचा फोन आला. हल्ली आम्ही दोघं बरंच बोलतो. मामीजींना हातमोजे घ्यावेत का, घेतले तर किती जाड, यावर आमचा तासभर वाद झाला. संक्रांतीला आता आम्ही दोघे जावई त्याच दगडावर बसतो, टॉवेल एकाकडे, थर्मास दुसऱ्याकडे. गावातली माणसं आम्हाला काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही. मेला आता माझ्या शेजारी बसून पाण्यातल्या त्याच दोन माणसांचा हेवा करतो, त्यामुळे त्याच्यावर जळायला पूर्वीसारखी मजा येत नाही. पण कळ आहे. कळ राहणारच. ती दुसरीकडे वळली आहे, एवढंच.

त्या दिवशी मात्र मामीजी काठावर थांबल्या नाहीत. पाण्याशी वाकून त्यांनी ओला हात कपाळाला लावला आणि आवाज न करता आत शिरल्या. थोडं पाणी आत गेलं असणार, कारण त्या एकदा थबकल्या. मग ते तापलं असणार. मामाजींच्या बाजूने जाताना त्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लांब, संथ हात मारत त्या सरळ बाभळीकडे निघाल्या. प्रशांत आपली जागा सोडून तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्या बाभळीशी पोहोचल्या, खोडाला हात टेकवला, आणि फांद्यांवरचे बगळे एकदम उडाले.

मामाजी कमरेइतक्या पाण्यात, गाठीसारखे फुगलेले, पुढे जाता येईना, मागे वळवेना. त्यांनी एकदा बाभळीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या लाल-पिवळ्या पोटाकडे पाहिलं, आणि मग काठावर, थेट माझ्याकडे वळून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"काहो जवाईबापू, तो काळा सूट तर तुमी माह्यासाठी आनला होता ना?"